ह्यूस्टनमध्ये नव्याने आलात? मग इथल्या बर्फाबद्दल थोडं

ह्यूस्टनला नोकरी लागली किंवा युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळाला, की इथले ओळखीचे लोक सगळ्यात आधी सांगतात, "हवा अगदी मुंबईसारखी आहे, जाड कपड्यांनी बॅग भरू नका." मे ते सप्टेंबरसाठी हा सल्ला बरोबर आहे. घाम, दमट हवा, दुपारी अचानक भरून येणारं आभाळ, सगळं ओळखीचं वाटेल. जानेवारी-फेब्रुवारीबद्दल मात्र कुणी नीट बोलत नाही. या शहरात बर्फ पडतो. दरवर्षी पडत नाही. कधी लागोपाठ दोन वर्षं पडतो, तर कधी मधली कितीतरी वर्षं कोरडी जातात. पण पडतो तेव्हा तो इतका सुंदर असतो, आणि त्याच्या मागेपुढे येणारी थंडी घराची इतकी दैना करू शकते, की नव्या माणसाला दोन्ही गोष्टी आधीच माहीत असाव्यात असं मला मनापासून वाटतं.

नकाशा काढून बघा. ह्यूस्टन साधारण हरिद्वारच्या अक्षांशावर आहे. आपल्याकडे उत्तरेची थंडी अडवायला हिमालय आडवा उभा आहे. इथे रॉकी पर्वत उत्तर-दक्षिण पसरलेले, त्यामुळे कॅनडाच्याही पलीकडची हवा मोकळ्या मैदानावरून थेट मेक्सिकोच्या आखातापर्यंत येते. इथले जुने लोक त्या वाऱ्याला 'ब्लू नॉर्दर' म्हणतात. सकाळी अर्ध्या बाह्यांच्या शर्टात ऑफिसला गेलेला माणूस संध्याकाळी पार्किंगमध्ये कुडकुडत उभा असतो, इतक्या झपाट्याने पारा उतरतो. पण नुसत्या थंडीने बर्फ पडत नाही. त्याच वेळी आखातात कमी दाबाचं क्षेत्र तयार व्हावं लागतं आणि तिकडची ओली हवा या थंड हवेवर चढावी लागते. हा योग क्वचितच जुळतो. बहुतेकदा थंडी असते तेव्हा आभाळ निरभ्र असतं, आणि पाऊस असतो तेव्हा पारा ३५ फॅरनहाइटवर अडून बसतो. (३२ म्हणजे आपलं शून्य, एवढं पहिल्या आठवड्यातच पाठ करून टाका.) योग नीट जुळला तर काय होतं ते १८९५ साली दिसलं होतं. त्या वर्षी १४-१५ फेब्रुवारीला ह्यूस्टनमध्ये २० इंच बर्फ पडला. तेवढा पुन्हा कधी पडलेला नाही.

मी पाहिलेला इथला पहिला बर्फ २००४ चा, नाताळच्या आदल्या दिवशीचा. आम्ही मेडिकल सेंटरजवळ भाड्याने राहत होतो. शहरात थर पातळच होता. खरा बर्फ किनाऱ्याच्या बाजूला पडला. व्हिक्टोरियात फूटभर, आणि पार मेक्सिकोच्या सीमेवरच्या ब्राउन्सव्हिलमध्ये शंभरहून जास्त वर्षांनी. गॅल्व्हेस्टनला राहणाऱ्या मैत्रिणीने दुसऱ्या दिवशी फोटो पाठवले: वाळूवर पांढरा थर, मागे आखाताचं ते मातकट पाणी, आणि थराच्या कडेला लाटांनी कुरतडलेली रेघ.

२००८ चा बर्फ मात्र मी कधी विसरणार नाही. त्या सप्टेंबरमध्ये आयक वादळ येऊन गेलं होतं. काही भागांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, आणि डिसेंबर उजाडला तरी असंख्य छपरांवर निळ्या ताडपत्र्या ठोकलेल्या होत्या. विम्याचे पैसे आणि छप्पर घालणारे गडी, दोन्हींची वाट बघत लोक बसले होते. १० डिसेंबरच्या संध्याकाळी त्या ताडपत्र्यांवर बर्फ पडायला लागला. खिळ्यांमध्ये ताडपत्री जिथे जिथे खोलगट झाली होती तिथे आधी साठला, मग सगळी निळाई झाकून गेली. गल्लीतले सगळे बाहेर आले होते. वादळानंतर एकमेकांच्या अंगणातली झाडं कापायला मदत केलेले तेच लोक, आता हात पसरून नुसते उभे. पुढच्याच वर्षी ४ डिसेंबरला पुन्हा पडला. डिसेंबरात इतक्या लवकर ह्यूस्टनमध्ये बर्फ पडल्याची त्याआधी नोंद नव्हती.

२०१७ चा ८ डिसेंबर, शुक्रवार. हार्वे वादळाच्या पुराला जेमतेम तीन महिने झाले होते. आमच्या ओळखीची कितीतरी कुटुंबं वरच्या मजल्यावर राहत होती आणि खालच्या मजल्यावर चार फुटांपर्यंत भिंती उघड्या करून लाकूड वाळत ठेवलेलं होतं. तो बर्फ पहाटे अंधारात पडला. आम्ही मुलांना उठवून तसंच, रात्रीच्या कपड्यांवर जाकीट चढवून अंगणात नेलं. शाळेची वेळ होईपर्यंत गवताची टोकं वर यायला लागली होती आणि दहापर्यंत सगळा खेळ संपला होता. म्हणून सांगते, इथला बर्फ तुमच्यासाठी थांबत नाही. "चहा झाला की जाऊ", "मीटिंग झाली की जाऊ" असं म्हणू नका. रात्री दोनला पडायला लागला तर रात्री दोनला उठा.

आता २०२१.

१४ फेब्रुवारी, रविवार. दिवसभर बातम्यांमध्ये तेच चाललं होतं, मुलांनी टोप्या-मोजे उशाशी घेऊन ठेवले होते. रात्री आधी बर्फाचे बारीक खडे तावदानांवर वाजले, मग आवाज बंद झाला, म्हणजे बर्फ सुरू झाला. मध्यरात्र उलटल्यावर वीज गेली. उजाडलं तो दिवस माघी गणेश जयंतीचा होता. दारातला ओक इथे हिवाळ्यातही हिरवा असतो; त्याचं पान न् पान बर्फाने मढलेलं होतं आणि फांद्या पार जमिनीकडे वाकल्या होत्या. तासभर मुलं खेळली, फोटो काढले. मग घरातला पारा उतरायला लागला आणि वीज काही येईना.

टेक्ससचं वीजजाळं देशाच्या बाकी जाळ्यांपासून जवळजवळ वेगळं आहे. राज्यभर मागणी वाढली, नेमक्या त्याच वेळी गॅसच्या विहिरी आणि वीजकेंद्रं गारठून बंद पडत गेली, आणि बाहेरून पुरेशी वीज आणायला तारा नव्हत्या. सगळं जाळं कोसळण्यापासून आपण ४ मिनिटं ३७ सेकंदांवर होतो, असं ते चालवणाऱ्या एरकॉटनेच नंतर सांगितलं. ४५ लाखांहून जास्त घरं आणि दुकानं अंधारात गेली. १६ तारखेला, वसंत पंचमीच्या पहाटे, मोठ्या विमानतळावर १३ फॅरनहाइटची नोंद झाली, म्हणजे उणे साडेदहा सेल्सिअस. मग पाण्याचा दाब गेला, आणि आलं ते पाणी उकळून प्या अशी सूचना आली. राज्याच्या अधिकृत मोजणीनुसार त्या थंडीत २४६ माणसं गेली. उष्ण प्रदेशात, स्वतःच्या घरात गारठून माणसं जाणं ही गोष्ट मला आजही सहन होत नाही, म्हणूनच पुढचं सगळं एवढं लांबण लावून सांगते आहे.

तेव्हा कोविडमुळे परत जाता न आलेल्या सासूबाई आमच्याकडे होत्या. त्यांनीच सगळ्यांना एका खोलीत आणलं, दाराच्या फटीत टॉवेल कोंबले, मिरजेहून आणलेल्या गोधड्या अंथरल्या. घर गरम करणारी भट्टी गॅसची असली तरी तिचा पंखा विजेवर चालतो, त्यामुळे हीटर बंद होता. पण स्वयंपाकाची गॅसची शेगडी काडी लावून पेटत होती. हुलग्याचं पिठलं आणि भात, दोन्ही वेळा. ज्यांच्याकडे विजेची शेगडी होती त्यांना आम्ही डबे पोचवले, चालत.

शेजारच्या घरात जे झालं ते मुद्दाम लक्षात ठेवा. इथली घरं काँक्रीटच्या सपाट पायावर बांधतात, आणि बऱ्याच घरांत पाण्याचे पाइप छपराखालच्या माळ्यातून फिरवलेले असतात. उन्हाळ्याच्या दृष्टीने त्यात काही बिघडत नाही, पण थंडीत तोच माळा घरातली सगळ्यात गार जागा. पाइप गोठतो, फुटतो, आणि फुटलेला कळत नाही, कारण आतलं बर्फच बूच होऊन बसलेलं असतं. थंडी ओसरली, ऊन पडलं, लोकांनी सुटकेचा श्वास टाकला, आणि दुपारी शेजाऱ्यांच्या मुलींच्या खोलीचं छत खाली आलं. पलंगावर भिजलेलं गुलाबी इन्सुलेशन आणि वरून धो धो पाणी. पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. गल्लीतले एक टेक्सन आजोबा लांब दांड्याची चावी घेऊन धावत आले आणि त्यांनी फुटपाथजवळच्या मीटरच्या खड्ड्यातून पाणी बंद केलं.

तेव्हा घर घेतलंत किंवा अख्खं घर भाड्याने घेतलंत, तर पहिल्याच शनिवारी मुख्य व्हॉल्व्ह शोधा. बहुधा घराच्या बाहेरच्या भिंतीपाशी किंवा गराजमध्ये असतो. नुसता बघून ठेवू नका, फिरवून बघा. जुने व्हॉल्व्ह गंजून घट्ट होतात आणि ते अडचणीच्या रात्री कळून उपयोग नाही. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला तो दाखवा, पाहुण्या आलेल्या आई-बाबांनासुद्धा. मीटरच्या खड्ड्यातल्या व्हॉल्व्हची चावी हार्डवेअरच्या दुकानात मिळते, तीही घेऊन ठेवा.

थंडी येणार असं कळलं की बाहेरच्या नळांची रबरी नळी काढून टाका आणि नळांवर फोमची टोपी बसवा. अंगणात जमिनीतून वर येऊन पुन्हा खाली गेलेला तांब्याचा पाइप दिसेल, तो स्प्रिंकलरचा. त्याला जुने टॉवेल गुंडाळून वरून प्लास्टिक बांधा, आणि स्प्रिंकलरचं घड्याळ बंद करा. नाहीतर पहाटे चारला तो आपणहून सुरू होऊन ड्राइव्हवेवर बर्फाची लादी तयार करतो. एवढं साध्या थंडीला पुरतं. पारा २० फॅरनहाइटच्या आसपास जाणार असेल तर मात्र काळजी वाढवा. सिंकखालच्या कपाटांची दारं उघडी ठेवा. रात्रभर सगळे नळ बारीक सोडून ठेवायचे की नाही यावर इथे वाद आहे. साऱ्या शहराने नळ सोडले की पाण्याचा दाब जातो. माझं मत असं, की वीज गेलेली असेल किंवा तुम्ही गावाला जाणार असाल तर वाद न घालता मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, मग सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा नळ उघडून पाइप रिकामे करा. रिकामा पाइप फुटत नाही. पिण्याचं पाणी आणि संडासासाठी बादल्या मात्र आधी भरून घ्या.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगते. कितीही थंडी वाजली तरी कोळशाची शेगडी किंवा बार्बेक्यू घरात पेटवू नका, जनरेटर गराजमध्ये लावू नका, ऊब मिळावी म्हणून गराजमध्ये गाडी सुरू करून बसू नका. गराजचं दार उघडं असलं तरीही नाही. २०२१ मध्ये या शहरात कार्बन मोनॉक्साइडने माणसं गेली, त्यात लेकरं होती. त्या वायूला वास नसतो. त्याचा अलार्म बॅटरीवर चालणारा घ्या आणि झोपायच्या खोल्यांजवळ लावा.

विजेचा प्लॅन निवडताना ठरावीक दराचाच निवडा. इथे कंपनी आपण निवडायची असते आणि बाजारभावाप्रमाणे बदलणाऱ्या दराचे प्लॅन एरवी स्वस्त दिसतात. २०२१ च्या त्या आठवड्यात घाऊक दर कमाल मर्यादेला, मेगावॉट-तासाला ९,००० डॉलरला, जाऊन पोचला आणि तसे प्लॅन घेतलेल्यांना हजारो डॉलरची बिलं आली. त्यानंतर वीजकेंद्रांनी थंडीची तयारी करायला हवी असा कायदा झाला, आणि पुढच्या थंडीच्या लाटांमध्ये जाळं टिकलं. तरीही माझी तयारी मी दरवर्षी करते.

अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांना पाइपची काळजी मालकाची वाटते, आणि बऱ्याच अंशी ती असतेही. पण वरच्या मजल्यावरचा पाइप फुटून तुमचा लॅपटॉप, गाद्या, पासपोर्ट भिजले, तर मालकाचा विमा त्याची भरपाई देत नाही. भाडेकरूचा विमा घ्या, तो फार महाग नसतो. कागदपत्रं जमिनीवर किंवा पलंगाखाली ठेवू नका. लीजिंग ऑफिसचा रात्रीचा नंबर फोनमध्ये हवा, आणि खालच्या-वरच्या शेजाऱ्यांचेही.

वाणसामानासाठी आदल्या दिवशी धावू नका. एच-ई-बी या इथल्या सुपरमार्केटमध्ये ब्रेड, दूध आणि पाण्याचे रॅक दुपारपर्यंत रिकामे होतात. आपल्या घरी पोहे, पीठ, डाळ-तांदूळ असतात, त्यामुळे उपाशी कुणी राहत नाही. पाण्याचे मोठे कॅन आणि बॅटऱ्या डिसेंबरातच आणून ठेवा. औषधंही.

बर्फ न पडणारी थंडीही तितकीच जपण्यासारखी असते. डिसेंबर २०२२ मध्ये नाताळच्या तोंडावर कोरडी, वाऱ्याची थंडी आली. वॉ ड्राइव्हच्या पुलाखाली राहणारी वटवाघळं बधिर होऊन टपाटप खाली पडली. प्राणीमित्रांनी ती गोळा करून, ऊब देऊन, खाऊपिऊ घालून पुन्हा त्याच पुलाखाली सोडली. तुमच्या कुंड्यांचंही तेच. तुळस, मोगरा, जास्वंद, कढीपत्ता आदल्या संध्याकाळी घरात घ्या. जमिनीत लावलेला कढीपत्ता बुंध्याशी पालापाचोळा रचून वरून जुनी चादर टाकून झाका. चादर जमिनीपर्यंत यायला हवी, म्हणजे मातीची ऊब आत राहते. पानं काळी पडली तरी लगेच छाटू नका. मार्च सरल्यावर नखाने साल खरवडून बघा आणि जिथवर आत हिरवं दिसेल तिथवरच ठेवा. २०२१ नंतर आमचा मुळापासून फुटला.

हे सगळं झालं असेल तर बर्फाची वाट बघायला तुम्ही मोकळे.

२१ जानेवारी २०२५ सारखा दिवस मग नुसता आनंदाचा जातो. त्या मंगळवारी आखाताच्या सगळ्या किनाऱ्यावर बर्फ होता. शेजारच्या लुइझियानातल्या लेक चार्ल्सच्या हवामान कार्यालयाने त्यांच्या इतिहासातला पहिला हिमवादळाचा इशारा दिला, न्यू ऑर्लिन्समध्ये आठ इंच पडला, आणि आमच्याकडे दोन ते चार इंच. दोन्ही विमानतळ बंद, शाळा बंद, वीज मात्र चालू. संक्रांतीचे दिवस होते, घरात तिळगूळ होता. शेजारपाजारची सगळी मुलं आमच्या अंगणात जमली. हातमोजे दुकानांतून संपलेले होते, तर पायमोजे हातात घालून त्यावर ब्रेडच्या पिशव्या मनगटाशी रबरबँडने बांधल्या. भिजत नाहीत आणि गोळा नीट वळता येतो. थर पातळ असल्याने गोळा फिरवला की खालचं गवत आणि ओकची पानंही त्यात येतात, इथला बर्फाचा माणूस नेहमी असा हिरव्या ठिपक्यांचा असतो. घसरायला स्लेज कुणाकडे नसते. कपडे धुवायची टोपली, पोहण्याच्या तलावातली हवेची गादी, टीव्हीचं खोकं, काहीही चालतं. अडचण उताराची, कारण शहर सपाट आहे. हरमन पार्कमध्ये मिलर नाट्यगृहाशेजारची टेकडी चालत जाण्याइतकी जवळ असेल तर तिथे जा, नाहीतर घराजवळच्या बायूचा, म्हणजे इथल्या संथ ओढ्याचा, काठ बघा. पाण्यापासून लांब, आणि मोठं माणूस बरोबर हवं. गाडीच्या बॉनेटवरचा वरचा ताजा बर्फ वाटीत काढून त्यावर कोकमचं घट्ट सरबत ओतलं, की मुलांना गिरगाव चौपाटीवरच्या गोळ्याची गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही.

गाडी मात्र काढू नका. शहराकडे बर्फ ढकलणाऱ्या गाड्यांचा ताफा नाही, आणि फ्रीवेवरचे उंच उड्डाणपूल खालूनही गारठत असल्याने सगळ्यात आधी गोठतात. रस्ता नुसता ओला दिसतो आणि गाडी फिरते. तुम्हाला शिकागोत गाडी चालवायची सवय असली तरी पुढच्याला नसते. काचेवर गरम पाणी ओतू नका, तडा जातो. दुपारी ऊन आलं की बर्फ वितळून ड्राइव्हवेवर आणि दारासमोरच्या पायऱ्यांवर पाणी साचतं, आणि तेच पाणी रात्री पुन्हा गोठतं; घरातली वयस्कर माणसं घसरतात ती त्या दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हणून संध्याकाळच्या आत झाडूने पायऱ्या कोरड्या करून घ्या, आणि ऑफिसला कळवून दुसऱ्या दिवशी दहापर्यंत घरीच थांबा.